उंद्रीचा सातबारा आणि यंत्रबुद्धीचा मदतनीस

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील मौजे उंद्रीचा सातबारा राज्य शासनाच्या ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर पाहू इच्छिणारा मनुष्य जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक क्रमाने निवडतो आणि कोठे चुकल्यास व्यवहारज्ञानाने सावरतो. परंतु हेच काम कृत्रिम बुद्धीच्या मदतनिसाकडे सोपविले, तर त्याला वापरण्यास दिलेल्या शोधसाधनाला जोडलेले लेखी वर्णन एवढेच त्याचे व्यवहारज्ञान असते. आता, उंद्री नावाचे गाव पुणे जिल्ह्यातही आहे. सबब केवळ ग्रामनामावर शोध घेऊ नये, जिल्हा व तालुका अनिवार्य समजावेत, असे त्या वर्णनात निःसंदिग्धपणे नमूद असावे. त्याहूनही महत्त्वाची बाब, माझ्या मते, निष्फळ शोधाची आहे: ‘नोंद आढळली नाही’ आणि ‘सेवा तूर्त बंद आहे’ या दोन उत्तरांतील भेद स्पष्ट न केल्यास, सेवा बंद असताना तो मदतनीस एखाद्या खातेदारास तुमची जमीन दप्तरी नाही असे खुशाल सांगेल, आणि हा अनर्थ क्षुल्लक नव्हे. विनाशुल्क दिसणारा उतारा केवळ माहितीपुरता असतो, कायदेशीर कामास डिजिटल स्वाक्षरीचा लागतो, हेही तेथेच लिहावे. अशी साधने रचणाऱ्यांनी आपले वर्णन एकदा एखाद्या अनुभवी तलाठ्यास अवश्य वाचून दाखवावे.