चहा : आवड किती आणि कारण किती

चहा कसा करावा याविषयी दोन घरांचे एकमत होत नाही. पुष्कळदा एकाच घरातल्या दोघांचेही होत नाही. आधणात साखर आधी की पत्ती आधी, आले ठेचावे की किसावे, दूध निरसे की तापवलेले, उकळ्या एक की तीन, ज्याला विचारावे तो आपलीच रीत खरी म्हणून सांगतो. या भांडणात निवाडा देण्याचा आमचा विचार नाही. यांतले निव्वळ आवडीचे काय आणि कशाला पदार्थाच्या गुणधर्माचे कारण आहे, एवढेच निवडून पाहावे असे आम्हांस वाटते.

हे पेय आपल्याकडे फार जुने नव्हे. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यांच्यावर आणि लोकमान्य टिळकांवर 1890 सालच्या पंचहौद मिशनमधील चहापानावरून ग्रामण्य झाले. वाद चहा कसा केला याचा नव्हता, कोणाकडे घेतला याचा होता. हॉटेलांतून काही जणांसाठी वेगळी कपबशी ठेवण्याचा प्रकार तर पुढेही कित्येक वर्षे चालला. 1955 च्या कायद्याने असा भेद गुन्हा ठरला. या गोष्टीला आवडनिवड म्हणत नाहीत, म्हणून ती येथेच बाजूला ठेवतो.

1903 साली चहाच्या निर्यातीवर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पुढे रेल्वेच्या स्थानकांवर चहाच्या जाहिरातींचे पत्रे झळकू लागले. प्रचारकांची शिकवण अशी, की किटलीत पत्ती घालावी, वर कढत पाणी ओतावे, पाच मिनिटे झाकून ठेवावे. उकळू मात्र नये. आपल्या लोकांनी चहा घेतला आणि शिकवण परत केली! जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने 1946 साली उत्तम चहाचे अकरा नियम छापले, त्यांत साखर घालणाऱ्याला खरा चहाबाज मानायलाच तो तयार नाही. त्याला कोणी प्रवरेकाठी आणले असते तर काय झाले असते कोण जाणे.

परंतु आपले उकळणे हा अडाणीपणा नव्हे. 1930 च्या सुमारास आसामात पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करणारे यंत्र निघाले. अशा दाणेदार चहाचा आणि भुकटीचा रंग व कडवटपणा पाण्यात झटकन उतरतो, आणि तो स्वस्तही पडतो. त्यात दूध पडले की दुधातील प्रथिने चहाच्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात व जिभेला बसणारी ओढ कमी होते. म्हणजे कडक उकळणे आणि भरपूर दूध ही जोडी एकमेकींना सांभाळून घेते. दार्जिलिंगची अखंड पाने मात्र अशी उकळली तर त्यांचा सुवास वाफेबरोबर निघून जातो. तेथे प्रचारकांचेच म्हणणे बरोबर. वाद रीतीचा वाटतो, पण मुळात डब्यात काय आहे याचा असतो. चहा पाडण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणही 1980 साली ठरले आहे : शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, सहा मिनिटे. ते उत्तम चहासाठी नाही, वेगवेगळ्या चहांची तुलना करता यावी म्हणून आहे. कोणी त्याचा दाखला देऊन आपल्या घरातली सून किंवा सासू चुकते म्हणू लागला तर ऐकू नये.

आता आमच्या भागाचा खास प्रश्न. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि बेलापूरच्या आसपास ऊस आला. हरेगावी बेलापूर कंपनीचा साखर कारखाना, पुढे 1950 नंतर लोणीचा सहकारी कारखाना. साखरेच्या आणि गुळाच्या अशा मुलखात गुळाचा चहा अनेकांना प्रिय असल्यास नवल नाही. पण गूळ पडला की दूध नासते, ही तक्रार घरोघर ऐकू येते. कारण साधे आहे. गूळ किंचित आंबट असतो, जुना किंवा पाणी सुटलेला असेल तर अधिकच. आंबटपणा आणि उकळी एकत्र आली की दुधातील प्रथिने गोळा होतात. म्हणून गूळ आधणातच विरघळवून पत्तीबरोबर उकळावा, पातेले खाली उतरवावे, मग वेगळे तापवलेले दूध घालावे आणि पुन्हा चुलीवर ठेवू नये. गाळून झाल्यावर कपात दूध घातले तर आणखी निर्धास्त. येथे दूध शेवटी घालणे ही आवड नसून गरज आहे.

पाण्याचेही असेच. कालव्याखालच्या काळ्या जमिनीतील कित्येक विहिरींचे पाणी मचूळ झाले आहे. जड पाण्यात चहाचा रंग मळकट येतो आणि वर तवंग धरतो. गृहिणी पत्तीचा चमचा वाढवते, तरी चव येत नाही. दोष पत्तीचा नसतो. आले, गवती चहा, वेलदोडा यांबाबत ज्याने त्याने आपल्या मर्जीने चालावे.

पण गुळाविषयी दोन गैरसमज पसरले आहेत, आणि ते निरुपद्रवी नाहीत. मधुमेही माणसे साखर सोडून गुळाचा चहा पितात. गुळातही बहुतांश साखरच असते. रक्ताला त्यातला फरक कळत नाही. दुसरा समज असा, की गुळात लोह असते म्हणून गुळाचा चहा रक्त वाढवतो. वस्तुतः चहातील तुरट द्रव्ये धान्य-भाजीतील लोहाला बांधून टाकतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. गुळातले थोडके लोह त्यातून काय सुटणार? 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. चहात भाकरी कुस्करून न्याहरी उरकणाऱ्या घरांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

ऊसतोडीच्या हंगामात बाया अंधारात उठतात, कोऱ्या चहावर फडात जातात आणि भाकरी सोडतात तेव्हा पुन्हा चहा घेतात. पोषणतज्ज्ञ सांगतात, जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान एक तास चहा नको. भाकरीबरोबर लिंबाची फोड किंवा पेरू असेल तर लोह अधिक अंगी लागते. पहाटेचा घोट मोडवत नसेल तर तो राहू द्यावा, भाकरीबरोबरचा तेवढा पुढे ढकलावा. फडावर चहाची किटली भाकरी सुटताच न येता गाडी भरून झाल्यावर आली, तर एवढे अंतर सहज पडते, आणि किटली केव्हा आणायची हे बहुधा मुकादमच ठरवतो.