रशियन कानटोपीचे कूळ

लहानपणी आमच्या घरी मॉस्कोच्या रादुगा प्रकाशनाची मराठी पुस्तके होती. त्यांतल्या चित्रांत बर्फात उभा असलेला माणूस, मग तो शिपाई असो वा लाकूडतोड्या, डोक्यावर केसाळ टोपी घालून असे. अस्सल रशियन वस्तू म्हणजे हीच, असे मी तेव्हाच ठरवून टाकले. पुढे शब्दांची कुळे शोधण्याचा नाद लागला आणि या समजाला तडे गेले.

या टोपीचे नाव 'उशान्का'. रशियन भाषेत 'उशी' म्हणजे कान! उशीवर कान टेकणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द विसरणे कठीण. थंडी बेताची असली की कानांवरचे पदर वर डोक्यावर बांधायचे, कडाका वाढला की हनुवटीखाली. अर्थाने ती आपली 'कानटोपी'च. तिची जुनी बहीण 'त्रेऊख', म्हणजे तीन कानांची. कारण तिसरा पदर मानेवर. यातला 'त्रे' हा संस्कृत 'त्रि'चा नातलग. १९३९-४० च्या हिवाळ्यात फिनलंडशी झालेल्या युद्धात लाल सेनेची टोकदार कापडी टोपी थंडीपुढे अपुरी पडली आणि १९४० मध्ये उशान्का सैन्यात आली. शिपायांच्या टोपीवरच्या कृत्रिम लवेला सैनिक थट्टेने 'माशाची लोकर' म्हणत.

येथवर सारे घरचेच. परंतु टोपीसाठीचा 'शापका' हाच शब्द मुळात जुन्या फ्रेंचमधून आलेला. इंग्रजी 'कॅप'शी त्याचे नाते आहे. मोठ्या पदरांची 'मलाखाय' मंगोल भाषेतून आली. तिकडे 'मलगाय' म्हणजे टोपी. कोकरांच्या कातड्याची उंच 'पापाखा' कॉकेशसची, तिचे नाव तुर्की कुळातले. लढता लढता कोझाकांनी ती शत्रूकडून उचलली आणि पुढे तीच सोव्हिएत कर्नल-जनरलांच्या मानाची खूण ठरली!

सोळाव्या-सतराव्या शतकांतील सरदारांची 'गोर्लात्नाया' मात्र देशी नावाची. 'गोर्लो' म्हणजे गळा. कोल्ह्याच्या किंवा सेबलच्या गळ्याखालची तेवढीच मऊ लव काढून ती शिवत. एका टोपीसाठी किती जनावरे लागत असतील! टोपी जितकी उंच तितका मान मोठा.

सर्वांत मानाची टोपी झारांची. सोन्याच्या नाजूक जाळीची, सेबलच्या काठाची ही 'मोनोमाखची टोपी' आज क्रेमलिनच्या शस्त्रागार-संग्रहालयात आहे. बायझंटाइन सम्राट नववा कॉन्स्टंटाइन मोनोमाखस याने ती कीव्हच्या व्लादिमीर मोनोमाखला दिली, अशी आख्यायिका. पण सम्राट १०५५ मध्ये वारला, तेव्हा १०५३ साली जन्मलेला व्लादिमीर पाळण्यातून नुकता उतरला असेल! अनेक अभ्यासकांच्या मते ही कारागिरी तेराव्या-चौदाव्या शतकांतली, मध्य आशियाची किंवा सुवर्ण टोळीच्या मंगोल राज्याची. ज्यांना खंडणी दिली त्यांचीच टोपी मुकुट म्हणून मिरवताना झारांना ग्रीक नावाचा आधार बरा वाटला असावा.

मौज अशी की, सामान्य माणसाने 'मलाखाय' म्हणताना कुणाचे ऋण लपवले नाही. त्याला फक्त कान झाकायचे होते. लपवावे लागले ते सिंहासनाला. कुठल्याही वस्तूला 'शुद्ध आमची' म्हणण्याआधी तिच्या नावाला एकदा विचारून पाहावे, हे मी या टोप्यांकडून शिकलो.