संगणकाला न सापडणारी ‘हृदयाची हाक’

संपादकांचा निरोप स्पष्ट होता. कोल्हापूरच्या वाचनालयांवर लिहा, पण लाकडी कपाटे, पिवळी पाने आणि ‘वाचनसंस्कृतीचे काय होणार’ हा सूर नको. संगणकावर लिहा. वाचनालयाच्या संगणकावर चार पाने भरतील असे काय असणार, असा प्रश्न मला पडला. बारकोड दाखवायचा, यंत्राने ‘टिक्’ करायचे आणि पुस्तक घरी न्यायचे. त्या ‘टिक्’च्या मागे काय दडले आहे ते पाहायला लागलो आणि बाकीचे विषय मागे पडले.

इतिहास कोल्हापूरकरांना पाठ आहे, म्हणून झटपट उरकतो. १८५० साली ‘कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी’ निघाली, तीच आजचे भवानी मंडपाजवळचे करवीर नगर वाचन मंदिर. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. असा कायदा देशात पहिलाच. ज्या मद्रासच्या कायद्याचा ग्रंथालयशास्त्रात एवढा गवगवा होतो, तो १९४८चा. (इथे कोल्हापूरकराची छाती थोडी फुगते, फुगू द्यावी.) राज्याचा कायदा १९६७ साली आला आणि शासनमान्य वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गांत बसली. इमारतीचा इतिहास इथे संपला. आता टेबलापाशी येऊ.

वाचनालयाचे खरे दप्तर म्हणजे दाखल नोंदवही. पुस्तक आले की त्याला दाखल क्रमांक मिळतो. पुढे लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, पृष्ठे, किंमत, बिलाचा क्रमांक, शेरा. पुस्तक हरवले, फाटले, निर्लेखित झाले तरी त्याचा क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. नोंदवही म्हणजे वाचनालयाचा सातबाराच. तपासणीला आलेला अधिकारी आधी तीच मागतो. वाचनालयाचे सॉफ्टवेअर लिहायला बसणाऱ्याने पहिल्यांदा हीच वही वाचायला हवी, आणि बहुतेकांची पहिली चूक तिथेच होते. ते आधी पडदा रंगवतात.

तयार सॉफ्टवेअर नाही असे नाही. विद्यापीठे आणि महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘सोल’ आहे, सरकारी ग्रंथालयांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘ई-ग्रंथालय’ आहे, पुण्यात घडलेले ‘स्लिम’ आहे. जगभर पसरलेले ‘कोहा’ही आहे, आणि त्याची गोष्ट आपल्या लोकांनी ऐकावी अशी आहे. न्यूझीलंडमधल्या लेविन या छोट्या गावाच्या ग्रंथालयाची जुनी यंत्रणा २००० साल उजाडताच कोलमडणार होती. शाखा साध्या टेलिफोनच्या तारेवर चालत. बाजारातल्या महागड्या यंत्रणांना ती तार पुरणारी नव्हती. ग्रंथालयाने वेलिंग्टनच्या ‘काटिपो’ या छोट्या कंपनीकडून स्वतःपुरते सॉफ्टवेअर लिहून घेतले. ३ जानेवारी २००० रोजी ते सुरू झाले आणि लगेच जगासाठी फुकट खुले केले गेले. एका गावाची अडचण अशी हजारो ग्रंथालयांच्या उपयोगी पडली.

मग कोहाच बसवून मोकळे का होऊ नये? महाविद्यालयांनी तसे केलेही आहे. सार्वजनिक वाचनालयाचा संसार मात्र वेगळा. इथे सभासदाची अनामत असते, महिन्याची वर्गणी असते, वर्गणी थकली की देवघेव बंद होते. पुस्तकाची किंमत अनामतीपेक्षा जास्त असेल तर ते द्यायचे की नाही, याचे नियम गावागणिक वेगळे. मासिकासाठी वेगळी वर्गणी, दिवाळी अंकांसाठी वेगळी. वर्षअखेरीस ग्रंथालय संचालनालयाला ठरलेल्या नमुन्यात अहवाल द्यायचा. परदेशी सॉफ्टवेअरला उशिराचा दंड छान कळतो, थकलेली वर्गणी समजवावी लागते. म्हणून गावातल्याच एखाद्या संगणकवाल्याला बोलावून ‘आमच्यापुरते’ लिहून घ्यायची पद्धत पडली. ही पद्धत मला चूक वाटत नाही. धोका पुढे आहे.

ज्या ठिकाणी मी सर्वांत जास्त अडकलो, ती जागा म्हणजे मराठी अकारविल्हे. वरवर पाहता युनिकोड आले आणि प्रश्न सुटला. पण युनिकोडमधल्या अक्षरांच्या क्रमांकाने यादी लावली तर काय होते, ते मी घरच्या संगणकावर करून पाहिले. काल, काळ, कावळा, काहूर, असा क्रम आला. मराठी माणसाला ‘काळ’ शेवटी हवा, कारण आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. संगणकाच्या तक्त्यात तो ल च्या शेजारी बसवलेला आहे. ‘क्षितिज’ ‘कौमुदी’नंतर आणि ‘खजिना’च्या आधी जाऊन बसले, कारण संगणकाला क्ष हे अक्षर माहीतच नाही, त्याच्या लेखी ते पाय मोडलेला क आणि ष. त्याच न्यायाने ‘ज्ञानेश्वरी’ झ च्या अलीकडे. शेवटी शोधणाऱ्या वारकऱ्याने ती नाही असे समजून परत जायचे! आणि ‘ॲ’? हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, जागा मिळाली ती देवनागरी अंकांच्याही पलीकडे. त्यामुळे ‘ॲडव्होकेट’ने सुरू होणारे शीर्षक ह च्या नंतर, यादीच्या तळाशी. तेच अक्षर कोणी अ वर चंद्र देऊन टंकले असेल तर ते पुस्तक यादीच्या डोक्यावर. एकाच लेखकाची दोन पुस्तके यादीच्या दोन टोकांना!

याला उपाय आहे. मराठीचा क्रम ठरवणारे नियम तयार मिळतात. डेटाबेसला ‘मराठीप्रमाणे लाव’ असे सांगावे लागते. सांगायचे असते हे ठाऊक असणारा माणूस मात्र हवा.

शोधाची तऱ्हा याहून अवघड. वि. स. खांडेकरांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’, १९३० ची. वाचक टंकतो ‘ह्रदयाची हाक’. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखे दिसतात, पण एकात ह ला ऋकार आहे आणि दुसऱ्यात ह चा पाय मोडून र जोडला आहे. यंत्र म्हणते, पुस्तक नाही. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ कोणी दीर्घ ‘त्यू’ने शोधतो. कोवाडचे रणजित देसाई कोणाच्या बोटांत ‘रणजीत’ होतात. दाखल क्रमांक एकाने ५३४ असा देवनागरीत घातला, दुसऱ्याने इंग्रजी अंकांत. यंत्राच्या हिशेबी ते दोन निराळे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची पुस्तके तर ‘कांहीं’ आणि ‘नांव’ घेऊन बसलेली आहेत, आणि वाचक ती आजच्या लेखनाने शोधणार.

यावर चांगला कारागीर एक युक्ती करतो, आणि ती मला फार आवडली. शीर्षक जसे आहे तसे ठेवायचे, पण शेजारी एक लपलेला रकाना करायचा. त्यात तेच शीर्षक सगळे वाद मिटवून लिहायचे: ऱ्हस्व-दीर्घ एक, ऋकार आणि जोडलेला र एक, अंक एकाच लिपीत, टिंबे आणि मोकळ्या जागा काढून टाकलेल्या. वाचकाने जे टंकले त्याचेही तसेच रूप करायचे आणि मग दोन्ही ताडून पाहायचे. शुद्धलेखनाची चूक माफ होते, वाचकाला ती सांगावीही लागत नाही. याची किंमतही मोजावी लागते. ‘गृह’ आणि ‘ग्रह’ एक होतात. गृहशास्त्राचे पुस्तक मागणाऱ्यासमोर ज्योतिषही येते. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकत्र नांदू लागतात. माझे मत विचाराल तर चार नको ती पुस्तके दिसलेली परवडतात, हवे ते एक न दिसलेले परवडत नाही.

टोपणनावांना मात्र ही युक्ती चालत नाही. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची, ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचे, माणूस एकच. ते यंत्राला कोणीतरी बसून सांगावे लागते, एकेका नावागणिक. तयार नोंदी बाहेरून उतरवून घ्याव्यात, तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मराठी पुस्तकांच्या नोंदी पिढ्यान् पिढ्या रोमन लिपीत झालेल्या. देवघेव सांभाळता सांभाळता हे काम करणारी व्यक्ती बहुतेक वाचनालयांत एकच असते.

आणि आता अडचणी. युनिकोड रुळण्याआधी ज्या वाचनालयांनी उत्साहाने संगणक घेतले, त्यांची यादी एखाद्या फॉन्टमध्ये अडकून पडली. त्या फॉन्टमध्ये अक्षरे जशी दिसतात तशी साठवलेली असतात. ‘किर्लोस्कर’ मासिकाचे नाव घ्या: आधी वेलांटी, मग क, मग ल, मग ओकार, आणि त्याच्यावर नंतर ठेवलेला रफार. युनिकोडला हवे उच्चाराच्या क्रमाने: वेलांटी क नंतर, रफाराचा र ल च्या आधी. रूपांतर करणारा प्रोग्राम लिहिता येतो, पण फॉन्टच्या प्रत्येक घराण्याचा तक्ता वेगळा आणि प्रत्येक टंकणाऱ्याची सवय वेगळी. ज्यांनी पुढे प्रयत्न सोडला, त्यांच्या संगणकात आज हजारो नोंदी आहेत आणि एकही वाचता येत नाही. नशीब की दाखल नोंदवही शाईने लिहिलेली होती.

पण शाईलाही पाणी चढते. २०१९ च्या महापुरात शेजारच्या सांगलीत नगर वाचनालयात पाणी शिरले, पुस्तके भिजली. २०२१ ला कोल्हापुरात पंचगंगा पुन्हा पात्राबाहेर आली. नोंदवही तळमजल्यावर, संगणक तळमजल्यावर आणि संगणकाची प्रत असलेला पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात, अशी व्यवस्था नदीकाठच्या जिल्ह्यात चालणार नाही. प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या गावात हवी. खर्च जवळपास शून्य, तरी होत नाही.

त्याहून मोठी अडचण माणसाची. ‘आमच्यापुरते’ सॉफ्टवेअर लिहून देणारा तरुण पुढे पुण्याला जातो, फोन उचलेनासा होतो. त्याचा दोष नाही, त्याला पोट आहे. मागे उरतो एक प्रोग्राम, ज्याचा मूळ कोड कोणाकडे नाही आणि ज्याचा परवलीचा शब्द मागच्या सचिवांना माहीत होता. नवीन विंडोज आली की तो उघडत नाही. मग नवा विक्रेता येतो, नवे बिल येते आणि सगळ्या नोंदी पुन्हा पहिल्यापासून टंकाव्या लागतात. शासनाने २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ केली हे खरे, पण ड वर्गाच्या वाचनालयाला त्यातून पगार, पुस्तके, वीजबिल भागवून संगणकासाठी काय उरणार? तिथला ग्रंथपाल आजही वेतनश्रेणीची वाट पाहतो. त्याच्याकडून लपलेल्या रकान्याची अपेक्षा करणे जरा जास्तच.

लेविनच्या ग्रंथालयाकडे पैसा नव्हता, पण शहाणपण होते: लिहून घेतलेले सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले ठेवायचे. एक प्रोग्रामर गेला तर दुसरा तेच पुढे नेऊ शकतो. जिल्ह्यातली वाचनालये वेगवेगळ्या माणसांकडून तेच ते काम पुन्हापुन्हा करून घेत असतील, तर त्यांनी एकदा एकत्र बसावे. वर्गणी, अनामत आणि वार्षिक अहवालाचा भाग एकदाच लिहून कोहाला जोडावा आणि सर्वांनी वापरावा. १९४५ साली कायदा करण्यात जे कोल्हापूर पहिले होते, त्याने यात मागे राहावे असे कारण मला तरी दिसत नाही.

तोवर कार्यकारी मंडळांना एवढीच विनंती. पुढच्या सभेत सॉफ्टवेअरचा ठराव आला की किंमत विचारण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी मागा: सगळ्या नोंदी युनिकोडमध्ये आणि ‘मार्क’ या ग्रंथालयांच्या प्रमाण नमुन्यात कधीही, फुकट बाहेर काढून मिळतील, मूळ कोडची प्रत वाचनालयाकडे राहील, आणि ‘ह्रदय’ असे चुकीचे टंकले तरी खांडेकरांची कादंबरी सापडेल. तिसरी अट त्याला समोर बसवून, पडद्यावर करून दाखवायला लावा. करता आली नाही, तर सही करू नका.