नेमणुकीचा कागद आणि कामाचे मोल

उमरीसारख्या तालुक्याच्या गावी आणि एकूणच मराठवाड्यात शिपाई म्हणून लागलेली व्यक्ती लिपिकाचे टेबल सांभाळते, रोजंदारीवरचा माणूस कायम कामगाराइतकेच काम करतो आणि वेतन मात्र जुन्याच दराने घेतो, असे अनेकदा घडते. (हे ‘तात्पुरते’ किती वर्षे टिकते, ते वाचकांना सांगावयास नको.) वरचे वेतन मागितले की उत्तर ठरलेले असते : ‘तुमची नेमणूक कोठे आहे?’ या उत्तरात कितपत बळ आहे, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पद मागणे आणि केलेल्या कामाचे वेतन मागणे या दोन भिन्न गोष्टी होत. १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उमादेवी खटल्यात सांगितले की, रीतसर निवड न होता लागलेल्यांना केवळ दीर्घ सेवेमुळे कायम होण्याचा हक्क मिळत नाही. त्यानंतर हा निकाल जो तो मालक पुढे करू लागला. परंतु आपल्या एस.टी. महामंडळात बसगाड्या धुणाऱ्या हंगामी कामगारांचा खटला वेगळा ठरला. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानुसार, कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे हंगामी ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे. उमादेवी निकालाने औद्योगिक न्यायालयाचा हा अधिकार हिरावला नाही, असे २८ ऑगस्ट २००९ रोजी ठरले व कामगार जिंकले.

वेतनाचा प्रश्न २६ ऑक्टोबर २०१६ रोजी जगजित सिंग खटल्यात अधिक स्पष्ट झाला. कायम कर्मचाऱ्याचीच कर्तव्ये बजावणारा हंगामी कर्मचारी त्या पदाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतनास पात्र आहे, असे न्यायालय म्हणाले. मात्र काम खरोखर समान होते, हे सिद्ध करण्याचा भार कर्मचाऱ्यावरच राहतो.

वरच्या पदाचा कार्यभार सांभाळणाऱ्यांची वाट अधिक बिकट आहे. १९९८ मध्ये चंदीगडच्या एका अभियंत्याच्या प्रकरणात, ‘वरचे वेतन मागणार नाही’ हे लिहून घेतलेले वचन न्यायालयाने लोकहिताविरुद्ध ठरविले. तो तात्पुरत्या बढतीवर होता. उलट २०१४ मध्ये तमिळनाडूतील परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्याचा दावा फेटाळला गेला, कारण त्याला केवळ कामे सोपविली होती आणि जादा लाभ नाहीत, असे आदेशातच नमूद होते. आमच्या मते हा भेद कष्टकऱ्यास न्याय देणारा नाही. पण तो आहे, म्हणून सही करण्यापूर्वी आदेश नीट वाचावा.

हजेरीपट, कामवाटपाचे आदेश, आपल्या हस्ताक्षरातील नोंदी यांच्या प्रती वेळीच जपाव्यात. १९७१ च्या कायद्याखालील तक्रारीस ९० दिवसांची मुदत आहे. उशिराला सबळ कारण द्यावे लागते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांनी मात्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे जावे.