होडीत पाय ठेवण्यापूर्वी

शाळांना सुट्टी लागली की आपली कष्टकरी कुटुंबेही चार पैसे बाजूला टाकून सहलीला निघतात. तलाव किंवा धरण दिसले की मुले होडीसाठी हट्ट धरतात. धक्क्यावर बहुधा दोन होड्या उभ्या असतात. एक भरत आलेली, लगेच सुटणारी, भाड्यालाही थोडी स्वस्त. दुसरीला अर्धा तास थांबावे लागते. आपण भाडे आणि घाई पाहून पहिलीत चढतो. परंतु ही निवड भाड्यावर करण्याची नाही.

३० सप्टेंबर २००९ रोजी केरळातील थेक्कडी येथे दुमजली पर्यटक होडी उलटून ४५ जण बुडाले. ७ मे २०२३ रोजी त्याच राज्यात तानूर येथे २२ जण गेले. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मरण पावल्या. तानूर व हरणी येथे होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. ही सारी माणसे आपल्यासारखीच मौजेसाठी निघाली होती.

तेव्हा दोन होड्यांतून एक निवडताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, कागद. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार नदी-तलावांत यंत्रावर चालणाऱ्या होडीची तपासणी व नोंदणी आवश्यक आहे. नोंदणी क्रमांक आणि किती माणसे बसवायची तो आकडा कोठे लिहिला आहे, हे खुशाल विचारा. विचारण्यात लाज कसली? तिकिटाचे पैसे आपणच मोजतो. माणसे मोजताना मांडीवरचे मूलही धरा. होडीवाला त्याचे तिकीट घेत नसेल, पण होडीला त्याचे वजन लागतेच.

दुसरी गोष्ट, होडीची ठेवण. काही ठिकाणी तराफ्यासारखी सपाट पाँटून बोट असते. तिच्या खाली दोन्ही बाजूंना लांब, बंद, पोकळ नळे असतात. तरंगण्याचा आधार दोन कडांना विभागल्यामुळे ती अरुंद होडीपेक्षा कमी डुलते. म्हातारी माणसे व लेकरे बरोबर असतील तर ती सोयीची. मात्र जुनी पाँटून बोट रिकामी असतानाच एका अंगाला कललेली दिसली तर त्या बाजूच्या नळ्यात पाणी शिरल्याची शंका घ्यावी व तिच्यात चढू नये. साध्या होडीच्या तळाशी पाणी साचलेले असेल आणि पोरगा डब्याने ते उपसत असेल तर तिलाही दुरूनच नमस्कार करावा. दुमजली होडीत वरच्या मजल्यावर गर्दी झाली की वजन वर जाते. मग सारे एका बाजूला धावले की ती कलंडते. प्राणी दिसो की पक्षी, जागा सोडू नये.

तिसरी गोष्ट, लाइफ जॅकेट. ते बाकाखाली रचून ठेवलेले उपयोगाचे नाही, होडी सुटण्यापूर्वी अंगावर हवे. बायामाणसांनी ते पदराच्या वरून घालून सर्व पट्टे आवळावेत. मुलाला घातल्यावर खांद्याशी धरून वर ओढून पाहावे. ते कानापर्यंत सरकले तर मापाचे नाही. पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मुलाच्या मापाचे जॅकेट नसेल तर ती होडी आपल्यासाठी नाही.

चौथी गोष्ट, वारा. आभाळ भरून आले असेल तर चांगली होडीही नको. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या पाण्यात कुगाव-कळाशी मार्गावरील होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला.

आमच्यासारखी जमाखर्च लिहिणारी माणसे प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडतात. इथला हिशेब सोपा आहे. एका बाजूला वाचलेले वीस-तीस रुपये आणि अर्धा तास, दुसऱ्या बाजूला अख्खे घर. दोन्ही होड्या मनास पटल्या नाहीत, तर काठावर सतरंजी अंथरून भाकरी सोडावी. मुले थोडा वेळ रुसतील. पण संध्याकाळी सगळे मिळून घरी येतील.