पोहण्याच्या तलावाचें पांघरूण

पुण्याच्या थंडीचें कौतुक करणारे पुष्कळ आहेत. परंतु पौषांतल्या पहाटे पोहण्याच्या तलावाच्या कांठीं उघड्या अंगानें उभें राहून तें कौतुक करणारे फार थोडे. डिसेंबर-जानेवारींत आपल्या शहराचें किमान तपमान सरासरीनें ११-१२ अंशांपर्यंत उतरतें, आणि दुपारीं पारा २९-३० अंशांवर जातो. दुपार इतकी उबदार असूनहि तलावाचें पाणी मात्र अंगावर कांटा आणणारें राहतें, हें पाहून अनेकांस नवल वाटतें. त्या नवलाचा उलगडा करावा, आणि त्यावर अलीकडे सर्रास सुचविला जाणारा उपाय, म्हणजे ‘सोलर कव्हर’ अथवा सौर आच्छादन, कितपत खरा व तें कसें निवडावें, हें सांगावें, असा आमचा येथें हेतु आहे.

हा विषय चैनीचा आहे, असें कोणी म्हणेल. एके काळीं तो तसा होताहि. पूर्वींचे पुणेकर मुठेच्या डोहांत किंवा वाड्यांतल्या विहिरींत, पाठीला वाळका भोपळा बांधून, पोहावयास शिकत. पुढें विहिरी बुजल्या आणि नदी अंग बुडविण्याजोगी राहिली नाहीं. डेक्कन जिमखान्याचा टिळक तलाव किंवा बालेवाडीच्या क्रीडासंकुलांतील तलाव यांनीं पोहण्याची परंपरा चालविली. आणि गेल्या कांहीं वर्षांत कोथरूड, बाणेर, औंध, खराडी अशा भागांतील गृहसंस्थांच्या आवारांत लहान-मोठे तलाव झाले. आज मध्यम स्थितीच्या कुटुंबांतील मुलें तेथेंच पोहावयास शिकतात, आणि गुडघे धरलेले आजोबा वैद्यांच्या सल्ल्यानें तेथेंच पाण्यांत चालतात. तलावाच्या देखभालीची वर्गणी बाराहि महिने द्यावी लागते, आणि वापर मात्र सहा-सात महिनेच होतो. तेव्हां दर हिवाळ्यांत सभासदांच्या बैठकींत जो प्रश्न निघतो, तो घरखर्चाचाच प्रश्न आहे.

माठ आणि साय

पाणी थंड कां होतें, याचें उत्तर प्रत्येक स्वयंपाकघरांत आहे. माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन उडून जातें, आणि जातांना मागें राहिलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. म्हणून माठांतलें पाणी गार होतें. उघडा तलाव हा असाच एक भला मोठा माठ होय. हवा कोरडी, वारा वाहता आणि पाण्याचा पृष्ठभाग विस्तीर्ण, असा योग जुळला कीं पाणी दिवसरात्र निवत राहतें. पुण्याची हिवाळी हवा कोरडी असते, हें येथें विसरूं नये.

आतां दुसरें उदाहरण घ्या. तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरली, कीं तें वरून निवलेलें दिसलें तरी सायीखालीं बराच वेळ कढत राहतें. सायीचा पदर कागदाइतका पातळ; पण तो वाफेला वाट देत नाहीं. तलावाच्या आच्छादनाचें सारें शास्त्र या सायींत आहे. तें पाण्यास ऊब देतें त्याहून अधिक, असलेली ऊब जाऊं देत नाहीं.

विहिरीचें पाणी थंडींत कोमट कां लागतें, याचेंहि कारण यांतच आहे. विहिरीला भोंवतालच्या जमिनीची ऊब असते, तिच्या पाण्यास वारा लागत नाहीं, आणि तिच्यावर आकाशाचा लहानसाच तुकडा उघडा असतो. तलावावर मात्र सबंध आकाश उघडें. निरभ्र रात्रीं जमीन व पाणी आपली उष्णता आकाशाकडे टाकीत राहतात. पुण्याच्या वेधशाळेंत १९३२ सालीं कृषि-हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि डॉ. रामदास यांनीं त्याची धुरा वाहिली. जमिनीलगतची हवा अशा रात्रीं कशी निवते, याचा त्यांनीं केलेला अभ्यास जगभर मान्यता पावला.

हिशेब

आपल्याकडे कोणत्याहि खर्चाची गोष्ट हिशेबाविना पुरी होत नाहीं. म्हणून थोडें गणित करूं. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरीनें १.२ मीटर खोल असा तलाव घ्या. त्यांत ६०,००० लिटर पाणी मावतें. दिवसाकाठीं त्याची पातळी वाफ होऊन केवळ ४ मिलिमीटरनें उतरली असें धरूं. इतकी उतार डोळ्यांस दिसतहि नाहीं. परंतु २०० लिटर पाणी गेलें. एक लिटर पाणी वाफ होतांना सुमारें ५८० लिटर पाण्याची एकेक अंश उष्णता घेऊन जातें. म्हणजे या २०० लिटरांनीं उरलेल्या पाण्याचे जवळजवळ २ अंश नेले! विजेच्या भाषेंत बोलावयाचें तर ही सुमारें १३५ युनिटांची उष्णता झाली, आणि तीहि रोजची.

पुण्याचें हिवाळी ऊन दर चौरस मीटरास दिवसाला साडेचार ते पांच युनिटांच्या आगेमागें उष्णता देतें. वाफेनें त्यांतलीं २.७ युनिटें परत नेलीं. उरलेल्यांपैकीं रात्रीचें आकाश आणि थंड वारा आपआपला वांटा घेतात. सूर्य कंजूषपणा करतो म्हणून तलाव थंड राहत नाहीं. आपली तिजोरी रात्रभर उघडी असते म्हणून राहतो.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मतें उघड्यावरील तलावाच्या उष्णतेचा सुमारें ७० टक्के व्यय एकट्या बाष्पीभवनानें होतो, आणि तापविलेल्या तलावावर वापर नसतांना झांकण घातल्यास तापविण्याच्या खर्चांत ५० ते ७० टक्के बचत होते. त्याखेरीज वरून घालावें लागणारें पाणी ३० ते ५० टक्क्यांनीं आणि औषधें ३५ ते ६० टक्क्यांनीं कमी लागतात. खडकवासला, पानशेत, वरसगांव व टेमघर या चार धरणांकडे डोळे लावून बसणाऱ्या शहरास पाण्याच्या बचतीचें महत्त्व आम्ही निराळें सांगावयास नको. आमच्या मतें पुण्यापुरतें तरी हेंच आच्छादनाचें सर्वांत मोठें समर्थन आहे.

म्हणून तलाव तापविण्याचें यंत्र घ्यावयाचें असलें तरी क्रम ठरलेला असावा: आधीं झांकण, मग बंब. झांकणावांचून बंब लावणें म्हणजे फुटक्या घागरीनें पाणी भरणें होय.

निवड कशी करावी

बाजारांत प्रामुख्यानें मिळतें तें फुगवट्यांचें आच्छादन. पॉलिथिलीनच्या दोन पदरांमध्यें हवेचे बारीक फुगे कोंडलेले असतात. त्यामुळें तें तरंगतें व ऊब राखतें. तें पसरतांना फुगवट्यांची बाजू पाण्याकडे आणि सपाट बाजू आकाशाकडे असावी. हें नीट न विचारल्यामुळें पुष्कळ ठिकाणीं तें उलटें पडलेलें असतें.

रंगाविषयीं ग्राहकांची समजूत बहुधा चुकीची असते. काळा रंग ऊन अधिक शोषतो, म्हणून काळें आच्छादन पाणी अधिक तापवील, असें वाटतें. परंतु काळ्या आच्छादनांत ऊन शोषलें जातें तें त्या पातळ पडद्यांत. तापलेला पडदा थोडी उष्णता पाण्यास देतो आणि बरीच वाऱ्याला वांटून टाकतो. पारदर्शक किंवा फिकट निळ्या आच्छादनांतून ऊन थेट पाण्यांत व तळाच्या फरशीपर्यंत उतरतें आणि तेथें अडकून राहतें. ऊब हा हेतु असेल तर पारदर्शक घ्यावें. काळ्याचाहि एक गुण आहे: उजेड अडल्यामुळें शेवाळ कमी धरतें आणि उन्हानें होणारा क्लोरीनचा नाश टळतो. जेथें बंब आहेच आणि देखभालीचा त्रास कमी व्हावा अशी इच्छा आहे, तेथें काळें चालेल.

जाडी साधारणतः ४०० ते ५०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या निम्म्याच्या आसपास असते. जाड तितकें उबदार, असें नव्हे. जाड तितकें टिकाऊ, इतकेंच खरें. पण वजनाचाहि विचार हवा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पडद्याचें वजन वरच्या आमच्या तलावासाठीं सुमारें २३ किलो भरतें. ओलें झाल्यावर त्याहून अधिक. एकट्या रखवालदारास तें रोज ओढावें लागलें, तर पंधरवड्यांत तें कोपऱ्यांत पडून राहील. यास्तव गुंडाळण्याचा रूळ घेण्यांत काटकसर करूं नये. वापरावयास सुलभ नसलेलें आच्छादन हें सर्वांत महाग आच्छादन होय.

आमच्या उन्हाची झळ प्लॅस्टिकला फार लागते. म्हणून त्यांत अतिनील किरणांपासून बचाव करणारें द्रव्य मिसळलें आहे काय आणि किती वर्षांची हमी लेखी मिळते, हें विचारावें. अमुक इतके अंश पाणी तापेलच, असें छातीठोकपणें सांगणाऱ्या विक्रेत्यावर फारसा विश्वास टाकूं नये. तें तलावावर सांवली किती पडते, वारा किती लागतो आणि आच्छादन किती तास घातलें जातें, यांवर अवलंबून आहे. उंच इमारतींच्या सांवलींत दिवसभर राहणाऱ्या तलावास तें ऊब राखून देईल, पण नवी ऊब आणील कोठून?

पाण्यावर पसरणाऱ्या द्रवरूप आच्छादनाचीहि जाहिरात होते. ही कल्पना पुण्यास नवी नाहीं. १९५० सालीं उघडलेल्या येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत, जलाशयांचें बाष्पीभवन रोखण्यासाठीं मेदजन्य अल्कोहोलांचा एकाच रेणूइतका पातळ थर कसा उपयोगी पडेल, याचें मोलाचें संशोधन झालेलें आहे. थर डोळ्यांस दिसत नाहीं, उचलावा लागत नाहीं. परंतु वारा त्यास कडेला लोटतो, आणि तो पुनःपुन्हां घालावा लागतो. ऊब राखण्याच्या कामीं त्याची बरोबरी खऱ्या पडद्याशीं होऊं शकत नाहीं.

बारमास वापर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळांत पोहण्याचे तास सोडून आच्छादन दिवसरात्र असावें. रात्रीचें झांकण तर कधींहि चुकवूं नये. चैत्र-वैशाखांत, पारा ३७-३८ अंशांवर असतांना, पारदर्शक आच्छादनानें पाणी नकोसें तापतें. तेव्हां दिवसा ऊन परतविणारें फिकट व अपारदर्शक कापड वापरावें, आणि पाणी फारच तापल्यास कांहीं रात्रीं तलाव उघडा टाकावा. त्यांत थोडें पाणी जातें, पण तो सौदा जाणून केलेला असावा. पावसाळ्यांत आच्छादनावर पाणी व पालापाचोळा साचून तें बुडूं लागतें. म्हणून धुऊन, वाळवून, सांवलींत ठेवून द्यावें.

क्लोरीनविषयीं सावध असावें. झांकलेल्या पाण्यांतून तो उडून जात नाहीं, म्हणून पूर्वींच्याच मापानें घालीत राहिल्यास त्याचा अतिरेक होऊन आच्छादनहि कुजतें व डोळेहि चुरचुरतात. पाण्याची तपासणी करूनच माप ठरवावें. आणि मोठी मात्रा देण्याच्या दिवशीं आच्छादन काढून पाण्यास मोकळा श्वास घेऊं द्यावा. तसेंच रुळावर गुंडाळलेलें आच्छादन उन्हांत उघडें ठेवूं नये. एकावर एक आलेल्या थरांत उष्णता सांचून तें खराब होतें. त्यावर पांढरें कापड टाकावें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट

आतां जी गोष्ट सांगावयाची, ती पैशाची नव्हे. ज्या घरांत चार भावंडांचीं मुलें एकत्र खेळतात, त्या घरांतील वडील माणसांनीं ती विशेष लक्षांत घ्यावी. तरंगतें आच्छादन लहान मुलास निळ्या सतरंजीसारखें दिसतें. त्यावर पाऊल पडतांच तें खचतें, मुलाभोंवतीं गुंडाळतें आणि पुन्हां सपाट होऊन वरून कांहींच झालें नाहीं असें दाखवितें. उघड्या पाण्यांत पडलेलें मूल निदान दिसण्याचा संभव असतो. येथें तोहि राहत नाहीं. हें आच्छादन ऊब राखण्यासाठीं आहे, जीव राखण्यासाठीं नाहीं. माणसाचा भार पेलणारीं, कांठाशीं घट्ट आवळलेलीं सुरक्षा-आच्छादनें निराळीं असतात.

म्हणून तीन नियम पाळावेत. तलावाभोंवतीं कुंपण आणि आपोआप मिटणारें, मुलांच्या हातीं न लागणाऱ्या कडीचें दार असल्याखेरीज असलें आच्छादन घालूंच नये. कोणीहि पाण्यांत उतरण्यापूर्वीं तें संपूर्ण काढावें. अर्धें गुंडाळून अर्ध्यांत पोहण्याची सवलत थोरांनींहि घेऊं नये, कारण मुलें पाहून शिकतात. आणि काढणें-घालणें हें काम कोणाचें, हें नांवानिशीं ठरलेलें असावें. सर्वांचें काम हें कोणाचेंच नसतें, हा एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस परिचयाचा अनुभव आहे.

ज्या गृहसंस्थेस हे नियम पाळवत नसतील, तिनें थंडींत तलाव बंद ठेवावा, आणि बंद म्हणजे खरोखर कुलुपांत ठेवावा, असें आम्ही स्पष्ट सांगतों. ज्यांस ते पाळवतील, त्यांनीं मात्र पुढील बैठकींत बंबाच्या दरपत्रकाआधीं पांघरुणाचा ठराव घ्यावा. पाण्याची पातळी मोजण्याची एक पट्टी आणि पाण्यांत बुडवावयाचा एक तापमापक घेऊन महिनाभर नोंद ठेवली, म्हणजे आमच्या म्हणण्यांत तथ्य किती, हें ज्याचें त्यास कळेल.