जाहिरात प्लॅटफॉर्मवर, ग्राहकयादी स्वतःकडे
जाहिरातीचा सगळा पैसा एकाच प्लॅटफॉर्मवर लावणं धोक्याचं आहे. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि तिथे मेहनतीने जमवलेले फॉलोअर्स एका रात्रीत हातचे गेले. एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयफोनवर जाहिरातींसाठीच्या ट्रॅकिंगला वापरकर्त्याची परवानगी सक्तीची केली. त्यामुळे २०२२ मध्ये आपल्याला सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज खुद्द फेसबुकची मालक कंपनी मेटानेच दिला. दोन्ही वेळा नियम दुसऱ्यांनी बदलले, झळ मात्र छोट्या व्यावसायिकांनाही बसली. नवे ग्राहक तर प्लॅटफॉर्मवरच भेटतात, असं कुणी म्हणेल. खरं आहे, म्हणून जाहिरात बंद करू नका. पण विक्रीबरोबरच ग्राहकाच्या संमतीने त्याचा नंबर किंवा ईमेल मिळवणं हेही तिचं काम ठरवा. अल्गोरिदम कितीही बदलला तरी ती यादी तुमचीच राहते.